टोर्नेडोचा सीझन आलाय: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

एप्रिल लागला की या सदराकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांचा विषय एकच असतो. टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस, मिसुरी या पट्ट्यात आता मराठी घरं भरपूर झालीयत, त्यातली बरीच अलीकडे पुण्या-मुंबईहून नाहीतर न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातून आलेली, आणि पहिल्यांदा फोन कर्कश्श ओरडला की काय करायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. मी ओक्लाहोमात राहते आणि नॅशनल वेदर सर्व्हिसचं स्कायवॉर्नचं, म्हणजे वादळावर नजर ठेवून कळवणाऱ्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग घेतलंय (फुकट असतं, तुम्हीही घ्या), त्यामुळे यावेळचे सगळे प्रश्न मी घेतलेत. पत्रं थोडी छोटी केलीयत, नावं टाकलेली नाहीत.

आम्ही जानेवारीत पुण्याहून टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आलो, अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर आहे. फोनवर कधी टोर्नेडो वॉच येतो, कधी वॉर्निंग. नवरा म्हणतो इथे हे रोजचंच आहे, झोप. नक्की कधी उठायचं आणि तिसऱ्या मजल्यावरून जायचं कुठे?

वॉच आला की तयारी, वॉर्निंग आली की लगेच हालचाल, एवढा फरक घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. वॉच काढतं ओक्लाहोमातल्या नॉर्मनचं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, तो मोठ्या भागासाठी असतो आणि कित्येक तास चालतो, म्हणजे आज हवा अशी आहे की टोर्नेडो होऊ शकतो. तेव्हा झोपू नका असं नाही, पण फोन चार्ज करा, बूट जवळ ठेवा, लांबचं ड्रायव्हिंग टाळा. वॉर्निंग मात्र वेदर सर्व्हिसच्या तुमच्या लोकल ऑफिसकडून येते (तुमच्यासाठी ते फोर्ट वर्थचं), छोट्या भागासाठी असते, आणि ती आली म्हणजे एकतर रडारवर ढग गोल फिरताना दिसलाय किंवा कुणीतरी टोर्नेडो डोळ्यांनी पाहिलाय.

त्यानंतर हातात किती वेळ असतो ते बघा. 20 मे 2013 ला मूर, ओक्लाहोमा इथे दुपारी 2:40 ला वॉर्निंग निघाली आणि 2:56 ला टोर्नेडो जमिनीला टेकला. 16 मिनिटं, आणि ही चांगली केस, कित्येकदा याहून खूप कमी मिळतात. त्या टोर्नेडोत 24 जण गेले. जॉप्लिन, मिसुरीला 22 मे 2011 च्या रविवारी संध्याकाळी तर दीडशेच्या वर माणसं गेली, आणि नंतरच्या चौकशीत असं दिसलं की बऱ्याच लोकांनी पहिला सायरन ऐकून काही केलंच नव्हतं, दारात येऊन आकाश बघ, टीव्ही लाव, दुसरीकडून खात्री करून घे यातच वेळ गेला. तुमच्या मिस्टरांचं "रोजचंच आहे" हे तिथल्या लोकांचंही म्हणणं होतं, हे त्यांना जरूर वाचून दाखवा.

आता तिसरा मजला. तळमजल्यावरच्या एखाद्या शेजाऱ्याशी आजच ओळख करून घ्या, अगदी डबा घेऊन जा, आणि सरळ विचारा की वॉर्निंग आली तर तुमच्या आतल्या बाथरूममध्ये नाहीतर क्लोझेटमध्ये आम्ही आलो तर चालेल का. इथले लोक या बाबतीत नाही म्हणत नाहीत. क्लबहाऊस शक्यतो नको, त्याला चारी बाजूंनी काचा असतात. लिफ्ट वापरायची नाही. तुमच्याकडचे जिने बाहेरून उघडे असतील तर वारा आणि गारा सुरू झाल्यावर त्यावरून मुलं घेऊन उतरणं फार अवघड, म्हणून शेजारच्या काउंटीत वॉर्निंग आहे आणि वादळ तुमच्याकडे सरकतंय असं दिसलं की तेव्हाच खाली जा, स्वतःच्या वॉर्निंगची वाट बघू नका.

खाली जायला वेळच नाही उरला तर घराच्या अगदी आतली खोली, जिला बाहेरची भिंत नाही, खिडकी नाही. बाथरूम असेल तर टबमध्ये बसा, अंगावर गादी ओढून घ्या, भारतातून आणलेल्या जाड गोधड्या असतील तर त्या घ्या. डोकं सगळ्यात महत्त्वाचं, कारण माणसं दगावतात ती बहुतेक उडून येणाऱ्या वस्तूंनी. मुलांची सायकलची हेल्मेटं त्याच क्लोझेटमध्ये ठेवा, मिस्टर वीकेंडला क्रिकेट खेळत असतील तर त्यांचं हेल्मेटही तिथेच. आणि बूट! आपण चपला-बूट दाराशी काढतो, म्हणजे क्लोझेटमध्ये बसलेलं अख्खं मराठी कुटुंब अनवाणी असतं, आणि बाहेर येतो तेव्हा जमिनीवर काच आणि खिळे. प्रत्येकाचा एकेक जुना जोड तिथे कायमचा ठेवून द्या.

सासू-सासरे सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आलेत. आम्ही दोघं ऑफिसला, ते दिवसभर घरी. इंग्रजी जुजबी, सासऱ्यांचे गुडघे दुखतात. आम्ही घरी नसताना वॉर्निंग आली तर? (प्लॅनो)

या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय कारण अशी घरं खूप आहेत आणि याचा विचार फारसा होत नाही.

पहिली गोष्ट त्यांच्याशी बसून बोला, आणि सोलापूरचे आहेत म्हणून मुद्दाम सांगते, किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोला. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट त्या भागातल्या त्यांच्या वयाच्या माणसांच्या अंगात मुरलेली आहे, घर हललं, मोठा आवाज झाला की पळा बाहेर, मोकळ्यावर. टोर्नेडोत नेमकं हेच जिवावर बेतणारं. इथे आत जायचं, आणखी आत, खाली, आणि दारं लावून बसायचं. अंगात भिनलेली सवय नुसत्या सांगण्याने जात नाही, म्हणून त्यांना हाताला धरून दोन-चार वेळा त्या जागेपर्यंत चालवा, दिवाणखान्यातून, किचनमधून, बेडरूममधून. सासूबाईंना "उगाच काय नाटक" वाटेल, तरी करा.

जागा म्हणजे बहुतेक दुमजली घरात जिन्याखालचा क्लोझेट. आता तो उघडून बघा. गणपतीचं मखर, दिवाळीच्या लाइटच्या माळा, भारतात जायच्या रिकाम्या बॅगा, कॉस्टकोचे पेपर टॉवेल, बरोबर ना? हे सगळं वर किंवा गॅरेजमध्ये हलवा, दोन माणसं आरामात बसतील एवढी जागा मोकळी पाहिजे. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर एक बुटकं, पक्कं स्टूल ठेवा. पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, एक शिट्टी (अडकलं तर ओरडून दम जातो, शिट्टी लांब जाते), बीपी-शुगरच्या एक-दोन दिवसांच्या गोळ्या एका छोट्या पाऊचमध्ये, चष्म्याचा जुना जोड, पाऊचवर तुमचे नंबर. कानाचं मशीन लावत असतील तर त्याचे सेल.

मग एक कागद मोठ्या मराठी अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. त्यात फार काही नको: फोन मोठ्याने वाजला किंवा सायरन झाला की गॅस बंद, दोघांनी जिन्याखाली जायचं, दार लावायचं, आमचा फोन येईपर्यंत बाहेर यायचं नाही. खाली 911, घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत आणि देवनागरीत उच्चार, आणि शेजाऱ्याचा नंबर. ज्येष्ठ लोक घाबरल्यावर पत्ता विसरतात.

त्यांच्या फोनमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का ते स्वतः तपासा, सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या तळाशी ते असतं. आणि त्यांचा फोन फक्त घरच्या वायफायवर व्हॉट्सॲपपुरताच चालत असेल तर लाइट गेली की तो संपला, म्हणून सहा महिन्यांसाठी का होईना एक साधं इथलं सिम घ्या. वॉर्निंग आली की तुम्ही ऑफिसमधून फोन करालच, पण तुम्हीही तेव्हा कुठेतरी लपायचंय हे विसरू नका आणि घरी गाडी घेऊन धावू नका.

खिडक्या उघड्या ठेवल्या की आतलं-बाहेरचं प्रेशर सारखं होतं आणि घर फुटत नाही असं ऐकलंय. खरं का?

नाही. घर प्रेशरने फुटत नाही, वारा आत शिरून छप्पर उचलतो म्हणून पडतं, उघडी खिडकी त्याला वाटच करून देते. शिवाय खिडक्या उघडत फिरणारा माणूस त्याच वेळी काचेसमोर उभा असतो. हात लावू नका, आत जाऊन बसा. तळघराचा नैर्ऋत्य कोपरा सुरक्षित असतो हेही तसंच जुनं आणि चुकीचं.

मी रोज गाडीने ऑफिसला जातो, येताना पूर्ण तासभर हायवे. टोर्नेडो आला तर फ्लायओव्हरखाली थांबावं असं ऑफिसमधले म्हणतात. (गारलंड)

फ्लायओव्हरखाली थांबू नका. हे मला ठळक अक्षरात छापायला सांगायचंय.

ही समजूत पसरली ती 1991 मधल्या एका व्हिडिओमुळे. कॅन्ससमध्ये एका टीव्हीच्या टीमने हायवेच्या पुलाखाली आसरा घेतला, सगळे वाचले, ती टेप जगभर दाखवली गेली आणि लोकांना वाटलं हाच उपाय. तो टोर्नेडो त्यांच्यावरून पूर्ण ताकदीने गेलाच नव्हता. मग 3 मे 1999 ला ओक्लाहोमात तो महाभयंकर टोर्नेडो आला, ज्याचा वारा रडारने ताशी 300 मैलांच्या आसपास मोजला, आणि त्या दिवशीच्या टोर्नेडोंमध्ये लोक तीन वेगवेगळ्या पुलांखाली चढून बसले होते. तिन्ही ठिकाणी एकेक माणूस गेला आणि जे वाचले त्यातल्या कित्येकांना भयानक जखमा झाल्या. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा कमी होत नाही उलट वाढतो, आणि उडणाऱ्या वस्तू तिथे घुसतात. शिवाय लोक गाड्या रस्त्यातच सोडून पुलाखाली पळाले की मागे ट्रॅफिक जाम, म्हणजे मागचे सगळे उघड्यावर अडकले.

तुम्ही तर गारलंडचेच, 26 डिसेंबर 2015 ची रात्र तिथल्या जुन्या लोकांना विचारा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी टोर्नेडो येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, तिथे 10 जण गेले आणि त्यातले बहुतेक इंटरस्टेट 30 आणि जॉर्ज बुश टर्नपाइकच्या जवळ गाड्यांमध्ये होते. 31 मे 2013 च्या एल रीनोच्या टोर्नेडोतही तेच, तो 2.6 मैल रुंद होता, आजवर नोंदलेला सगळ्यात रुंद, आणि लोक घाबरून गाड्या काढून निघाले त्यामुळे ओक्लाहोमा सिटीचे हायवे तुंबले. त्या टोर्नेडोत टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले, ज्यांनी आयुष्यभर टोर्नेडोचाच अभ्यास केला होता, अगदी अनुभवी माणसं. गाडीच्या भरवशावर टोर्नेडोशी शर्यत लावायची नाही हे मी म्हणते ते यासाठी.

मग करायचं काय? ज्या दिवशी वॉच आहे त्या दिवशी ऑफिसमधून लवकर निघा नाहीतर वादळ जाईपर्यंत तिथेच थांबा, बॉसला सांगायला अजिबात लाजू नका. रस्त्यात वॉर्निंग आली तर पहिला एक्झिट घ्या आणि कुठल्याही पक्क्या इमारतीत शिरा, मोठं दुकान, रेस्टॉरंट, हॉस्पिटल. आत गेल्यावर काचेपासून लांब, बाथरूम किंवा वॉक-इन फ्रीजर. टोर्नेडो लांब दिसतोय आणि रस्ता मोकळा आहे तर त्याच्या वाटेच्या काटकोनात लांब जा. यातलं काहीच शक्य नसेल तर दोनच वाईट पर्याय उरतात: गाडीतच सीटबेल्ट लावून, डोकं खिडकीच्या खाली घालून, हातांनी किंवा जॅकेटने झाकून बसणं, किंवा रस्त्यापेक्षा स्पष्ट खोल जागा असेल तर गाडीपासून दूर तिथे पालथं पडून डोकं झाकणं. पण पाण्याचे नाले आणि मोऱ्या नकोत, त्याच एल रीनोच्या रात्री ओक्लाहोमा सिटीत पावसाच्या पाण्याच्या पाइपमध्ये लपलेली माणसं पुरात वाहून गेली.

मी नॉर्मनला मास्टर्स करतोय. शनिवारी दुपारी सायरन वाजला, मी बाथरूममध्ये जाऊन बसलो, रूममेट म्हणाले टेस्ट होती. मग खरा सायरन कसा ओळखायचा?

बाथरूममध्ये बसलास ते बरोबर केलंस, कुणी काही म्हणो. ओक्लाहोमा सिटी आणि आसपासच्या बऱ्याच गावांत शनिवारी दुपारी 12 ला टेस्ट असते, डॅलसला महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी 12 ला, इलिनॉयमध्ये पहिल्या मंगळवारी सकाळी 10 ला. आकाश खराब असेल तर टेस्ट सहसा रद्द करतात. त्या ठरलेल्या वेळेशिवाय कधीही वाजला तर खरा समज.

पण सायरनवर विसंबू नकोस. ते बाहेर असलेल्या माणसांसाठी असतात, घरात एसी चालू, कानात इअरफोन, वर गारांचा आवाज, ऐकू येईलच असं नाही. शिवाय प्रत्येक शहराचे नियम वेगळे, काही ठिकाणी मोठ्या गारांसाठी किंवा नुसत्या जोरदार वाऱ्यासाठीही वाजवतात, आणि "आता संपलं" असं सांगणारा सायरन बहुतेक ठिकाणी नसतोच, दुसऱ्यांदा वाजला म्हणजे धोका अजून आहे.

रात्रीसाठी वेदर रेडिओ घे, साधारण तीस-चाळीस डॉलरला मिळतो, बॅटरीवर चालतो, आपल्या काउंटीचा कोड घातला की फक्त तुमच्या भागाची वॉर्निंग आली की झोपेतून उठवतो. 3 मार्च 2020 ला टेनेसीत मध्यरात्रीनंतर टोर्नेडो आले, नॅशव्हिल आणि मग कुकव्हिल, एकट्या कुकव्हिलच्या भागात 19 माणसं गेली, बरीचशी झोपेत होती. चार रूममेट मिळून एक रेडिओ घ्या, पिझ्झाच्या दोन पार्ट्यांपेक्षा स्वस्त पडेल.

ओक्लाहोमात एडमंडला घर घेतोय. बेसमेंट कुठल्याच घराला नाही! शेल्टर बसवावा का? खर्च वाया जाईल असं घरच्यांना वाटतं.

बसवा. तिथली माती चिकण, ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, शिवाय थंडीने जमीन फार खोल गोठत नाही त्यामुळे पाया खोल घ्यावा लागत नाही, म्हणून बेसमेंट बांधायची पद्धतच नाही. उपाय दोन. एक, गॅरेजच्या फरशीत खड्डा करून बसवलेला स्टीलचा शेल्टर, वर सरकतं झाकण, त्यावर गाडी उभी राहते. दुसरा, जमिनीवरची स्टीलची किंवा काँक्रीटची सेफ रूम, फरशीला बोल्टने घट्ट बांधलेली. दोन्हीचा खर्च काही हजार डॉलर. लोकांना जमिनीखालचाच खरा वाटतो, पण फेमाच्या (अमेरिकन सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था) निकषांप्रमाणे केलेली जमिनीवरची खोली ताशी 250 मैल वाऱ्यासाठी डिझाइन केलेली असते आणि 2013 ला मूरमध्ये आजूबाजूचं घर भुईसपाट होऊनही अशा खोल्यांमधली माणसं धडधाकट बाहेर आली. आई-वडील येऊन राहणार असतील, कुणाचे गुडघे-कंबर दुखत असेल, तर मी डोळे झाकून जमिनीवरची सांगेन, कारण अरुंद पायऱ्या घाईत उतरणं सत्तरीच्या माणसाला नाही जमत.

सेल्समनला विचारायचं ते एवढंच की दाराची चाचणी झालीय का, कारण खोली कितीही मजबूत असली तरी दार गेलं की सगळं गेलं, आणि बोल्ट फरशीत किती खोल जाणार. बसवल्यावर शहराकडे नोंदणी करा, म्हणजे वर मलबा पडला तर बचाव पथकाला कुठे खणायचं ते कळतं. आत एक छोटा जॅक किंवा पहार ठेवा. राज्याची सूनरसेफ नावाची रिबेटची योजना आहे, लॉटरीने नंबर लागतो, सध्या अर्ज घेतायत का ते बघून मगच काम सुरू करा.

घर बघतानाच बिल्डरला हेही विचारा की छप्पर भिंतींना स्टीलच्या क्लिपांनी बांधलंय का, आणि गॅरेजचं दार किती वाऱ्याला टिकणारं आहे. बऱ्याचदा आधी गॅरेजचं दार जातं आणि मग त्यातून वारा शिरून छप्पर. मूर शहराने 2014 ला आपला बिल्डिंग कोडच बदलला, नवीन घरं ताशी 135 मैल वाऱ्याला टिकली पाहिजेत असा. बांधतानाच केलं तर यात फार पैसे जात नाहीत, नंतर करायला गेलं तर जातात.

मुलगा कॅन्ससला असतो, आम्ही नागपूरला. टीव्हीवर टोर्नेडो बघून धडकी भरते. आपल्याकडे होतात का हो हे? उन्हाळ्यात आमच्याकडे वावटळी उठतात त्या तशाच का?

काका, उन्हाळ्यातली वावटळ वेगळी. ती कोरड्या, तापलेल्या जमिनीवरून स्वच्छ उन्हात उठते, ढगाशी तिचा संबंध नसतो, थोड्या वेळात विरते. पत्रे उडवेल, डोळ्यात धूळ घालेल, त्यापलीकडे क्वचितच काही. टोर्नेडो मोठ्या गडगडाटी ढगातून खाली उतरतो. इकडे मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी, आणि वरच्या थरात वाऱ्याची दिशा आणि वेग वेगळा असतो, त्याने अख्खा ढगच गोल फिरायला लागतो.

भारतात कमी होतात पण होतात. 17 मार्च 1978 ला दिल्लीत टोर्नेडोने 28 माणसं गेली, मार्च 2023 मध्ये पंजाबात फाजिल्का जिल्ह्यात एका गावातली घरं आणि बागा मोडल्या. आणि जगातला सगळ्यात जास्त बळी घेणारा टोर्नेडो अमेरिकेत नाही तर बांगलादेशात झाला, 26 एप्रिल 1989 ला माणिकगंज जिल्ह्यात, साधारण 1300 लोक गेले. बंगालच्या उपसागराची दमट हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा तिथे पावसाळ्याआधी अशीच एकत्र येते, पण घरं पत्र्याची-कुडाची आणि मिनिटांच्या आत सांगणारी यंत्रणा तेव्हा नव्हती. विदर्भात मात्र तुमचा खरा धोका एप्रिल-मे-जूनमधली वीज आहे. पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं दामिनी ॲप फोनमध्ये घ्या, शेतात जाणाऱ्या सगळ्यांना घ्यायला लावा, आणि झाडाखाली थांबू नका.

मुलाबद्दल एक विनंती, वादळ चालू असताना त्याला सारखे फोन करू नका. तो सुरक्षित जागी बसला की एक मेसेज टाकेल असं आधी ठरवून ठेवा. लाइन तुंबली तरी मेसेज बऱ्याचदा जातो.

मुलगी 8 वर्षांची. शाळेत ड्रिल झाल्यापासून ढग दिसले की रडते, झोपत नाही. आणि शाळेत असताना वॉर्निंग आली तर मी तिला आणायला जाऊ का?

आणायला जाऊ नका, हे आधी. शाळेत आतल्या खोल्या ठरलेल्या असतात, शिक्षकांना ट्रेनिंग असतं, आणि तुम्ही त्या वेळी गाडीत म्हणजे सगळ्यात वाईट जागी. 2013 ला मूरमध्ये एका शाळेत 7 मुलं गेली हे खरं आहे, मी लपवणार नाही, आणि म्हणूनच शाळेला शांतपणे विचारा की तुमच्याकडे सेफ रूम आहे का, नसेल तर मुलं कुठे बसवता. पालकांनी विचारत राहिलं तरच शाळा त्यासाठी पैसे उभे करतात. पण वॉर्निंगमध्ये धावत जाणं हा त्यावर उपाय नाही.

भीतीसाठी तिला काम द्या. टॉर्चची बॅटरी बघायची जबाबदारी तिची, क्लोझेटमध्ये तिची एक उशी आणि एक गोष्टीचं पुस्तक ती स्वतः ठेवेल, आणि महिन्यातून एकदा ड्रिलची घोषणा तीच करेल. तिला खरं ते सांगा: बहुतेक टोर्नेडो छोटे आणि कमजोर असतात, ईएफ झिरो-वन (टोर्नेडोची ताकद झिरो ते फाइव्ह अशी मोजतात), आणि मोठा आला तरी आपल्याला कुठे बसायचं ते माहितीये. 20 ऑक्टोबर 2019 ला डॅलस शहरातून रात्री 9 च्या सुमाराला ईएफ थ्री टोर्नेडो गेला, घरं, शाळा, दुकानं मोडली आणि एकही माणूस गेला नाही, ही गोष्ट सांगा तिला. आणि मोडलेल्या घरांचे व्हिडिओ घरात दिवसभर लावून ठेवू नका, मुलांना वाटतं ते परत परत होतंय.

टोर्नेडो आमच्या गल्लीपासून अर्ध्या मैलावरून गेला, आमचं छप्पर आणि खिडक्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून दारात रूफर्सची रांग, एकजण म्हणतो डिडक्टिबल मी माफ करतो. काय करू? (टेक्सस)

सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. त्या माणसाला सही देऊ नका. डिडक्टिबल म्हणजे इन्शुरन्सचे पैसे मिळण्याआधी नुकसानीतला जो भाग तुम्ही स्वतः भरायचा असतो तो. टेक्ससमध्ये 2019 पासून कायदाच आहे की डिडक्टिबल मालकाने भरलंच पाहिजे, कॉन्ट्रॅक्टरने ते माफ करतो म्हणणं बेकायदेशीर आहे, आणि जो पहिल्याच भेटीत बेकायदा गोष्ट सुचवतो तो छप्पर कसं घालेल. आगाऊ मोठी रक्कम देऊ नका, लोकल पत्ता आणि इन्शुरन्सचे कागद मागा. फेमाच्या नावाने कुणी फी मागितली तर तो भामटा, फेमा फी घेत नाही.

आधी इन्शुरन्सला फोन. काही हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा, प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढा. त्यानंतर ताडपत्री घालून पाऊस आत येणार नाही एवढं लगेच करा आणि त्याच्या पावत्या ठेवा, ते पैसे सहसा मिळतात. तुमची पॉलिसी काढून वादळ-गारांचं डिडक्टिबल बघा, टेक्ससमध्ये ते बऱ्याचदा टक्क्यात असतं. घर 500,000 डॉलरला इन्शुअर असेल आणि 2 टक्के असेल तर पहिले 10,000 तुमचे, हे कित्येकांना छप्पर गेल्यावरच कळतं. बाकीच्या वाचकांनी आज बघा. भाड्याने राहणाऱ्यांनी रेंटर्स इन्शुरन्स घ्याच, घरमालकाच्या पॉलिसीत तुमचा लॅपटॉप, सोफा, दागिने येत नाहीत.

घरात परत शिरताना गॅसचा वास आला तर लाइटचं बटण दाबू नका, काडी पेटवू नका, बाहेर या आणि लांब जाऊन फोन करा. पडलेली कुठलीही तार जिवंतच समजा. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीच नाही, बाहेर, खिडकीपासून निदान 20 फूट, त्याच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो आणि टोर्नेडोतून वाचलेली माणसं त्याने गेलीयत. खिळा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

आणि आपल्या लोकांचं खास, कागद. पासपोर्ट, आय-797 (व्हिसाच्या मंजुरीचा कागद), ओसीआय कार्ड, मुलांचे जन्मदाखले, डिग्र्या एका वॉटरप्रूफ पाऊचमध्ये त्याच क्लोझेटमध्ये, आणि सगळ्याचे स्कॅन क्लाउडवर. वाऱ्याने उडालेला व्हिसाचा कागद परत मिळवायला महिने जातात.

सायरन वाजला तेव्हा कुकर गॅसवर होता, दोन शिट्ट्या बाकी होत्या. थांबावं की जावं?

बर्नर बंद करा आणि जा. बाहेर मीटरपाशी जाऊन मेन गॅस बंद करायला थांबू नका, इंडक्शन असेल तर तेवढं बटण. फोडणी असेल तर कढई उचलून घेऊ नका, हात भाजेल. क्लोझेटमध्ये दार लावून बसा, फोनवर वॉर्निंगची वेळ कधी संपते ते दिसतं, तोपर्यंत बाहेर नाही, आणि ती वाढवली तर तेवढा वेळ आणखी. भात कच्चा राहिला तर परत लावता येतो.